जावईबापूंसाठी कोमट पाणी

वसंता,

तुला जाऊन चार तासही झाले नव्हते, आणि तुझ्या घरात मी माझी पहिली चूक करून मोकळा झालो. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. महाल भागातले ओळखीचे लोक भिंतीला टेकून बसले होते. आत माझी कुसुम आणि तुझी बायको एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. शेजारच्या बाई पाणी फिरवत माझ्यापाशी आल्या, मी पेला हातात घेतला आणि सवयीनं, चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "कोमट नाही ना?"

आतलं रडणं थांबलं. भिंतीला टेकलेले लोक ताठ झाले. त्या बाई बिचाऱ्या ओशाळल्या. "कोमट पायजे काय जी? आणते." आणि दुःखाच्या घरात चूल पेटवायची नाही म्हणून स्वतःच्या घरी जाऊन, पाणी गरम करून घेऊन आल्या. मग नागपूरच्या भर मे महिन्यात, तुझ्या देहापासून पाच हातांवर बसून, मी ते पाणी फुंकून फुंकून प्यालो. तू उठू शकला असतास तर नक्की उठला असतास. तुझं आयुष्यभराचं काम झालं होतं.

जिवंत होतास तोवर मी तुला 'वसंतराव, तुम्ही' म्हणायचो. बायकोचा थोरला भाऊ, मान द्यायला हवा. आज 'तू' म्हणणार आहे. काय करशील?

नऊ वर्षं, वसंता. मधली चार मी आलो नाही, ती सोडून, तुझ्याकडे पाटावर बसलो की तू आतल्या दिशेनं आवाज द्यायचास, "अवं, जावईबापूले कोमट पाणी दे. थंडं नको देऊ. तडकते." पंगत हसायची. लोकांना वाटायचं, जावयाचा घसा नाजूक आहे. तुझ्या कुही गावच्या एका मावशींनी तर माझ्यासाठी ज्येष्ठमधाची पुडी पाठवली होती. खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: तुला, मला आणि कुसुमला. आम्ही दोघं पानातल्या भाताकडे बघत बसायचो, आणि तू समोरच्या माठातलं गार पाणी घटाघटा प्यायचास. वर मिशी पुसायचास.

तू मोठ्या मनाचा होतास असं गेले तेरा दिवस मी ऐकतो आहे. मोठ्या मनाचा माणूस एकदा कानाखाली मारतो आणि विसरतो. तू नऊ उन्हाळे मला मंद आचेवर ठेवलंस.

ती लाल गाडी आली नसती तर आपलं बरं चाललं होतं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या तेव्हा नव्या होत्या. मी तिथल्या वसाहतीत राहणारा कारकून, आणि तुझं महालात, अरुंद गल्लीत आत, घराला लागून गॅरेज. कोराडीला कोळसा वाहणाऱ्या ट्रकांचे मालक, आपले सेठ, त्यांच्या गाड्यांची इंजिनं उतरवून हातगाडीवर तुझ्याकडे पाठवायचे, कारण ट्रक काही त्या गल्लीत शिरत नसे. त्याच सेठनी मॅंगनीजच्या खाणीवरून मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून ती विलायती गाडी घेतली. दोन सीटा, कापडी छत, दार असून नसल्यासारखं. सुरू केली की गल्लीतल्या म्हशी दावं ओढायच्या. इंजिन थकलेलं होतं, ते तू तीन महिने खपून नवं केलंस. गल्लीतले लोक येता-जाता थांबून ऐकायचे. तू स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटायचास. मलाही एकदा ऐकवलंस. मला फक्त खडखड ऐकू आली. "मस्तच," मी म्हणालो.

आणि मग माझ्या डोक्यात आलं की कुहीला सासुरवाडीला आंब्याच्या रसाचं जेवण आहे, तर एस.टी.नं कशाला जायचं?

मी तुझ्याकडे गाडी मागितली. तू सरळ नकार दिलास. "जावईबापू, गाडी लोकाची आहे. इंजिन नवं केलं, अजून अंग मोकळं नाही झालं तिचं." तिथंच संपायला हवं होतं. पण मामाजी, म्हणजे तुझे वडील, माझे सासरे, नेमके त्या दिवशी बियाण्याच्या कामानं नागपुरात आलेले, तुझ्या गॅरेजात बाकावर बसले होते. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "काहून गा वसंता? जावयानं तोंड उघडून मागतली, अन् तू नाही म्हणून राहिला?"

आपल्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. तू किल्ली दिलीस. देताना एवढंच म्हणालास, "तापाच्या काट्याकडं पाहत जा. उजवीकडं सरकला का थांबा, बोनेट उघडा, अन् अर्धा घंटा कशालेच हात लावू नका."

"हो जी," मी म्हणालो, आणि कंगवा शोधू लागलो.

दुसऱ्या दिवशी निघालो, मामाजी आधीच कुहीला परतले होते. त्या प्रवासाचं वर्णन करत नाही. इतकंच सांगतो की रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना मी हात केला, त्यात तीन गाढवंही होती. कुसुमनं पदर डोक्याला घट्ट बांधला होता. कुही जवळ आली तेव्हा काटा उजवीकडे पार टेकला होता. मला वाटलं, गाडीसुद्धा खुशीत आहे. मग समोरून वाफ उठली.

रस्त्याच्या कडेला विहीर होती, बालटी होती, दोर होता. मी पाणी शेंदलं. कुसुम म्हणाली, "अहो, जरा थांबा ना. धापलेल्या बैलाले बाबा लगेच पाणी नाही पाजत."

मी काय म्हणालो ते तुला कधी कळलं नसेल, म्हणून सांगतो. मी म्हणालो, "हा कुहीचा बैल नाही. विलायती इंजिन आहे."

गळ्यातला दुपट्टा हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेनं मनगट भाजलं. मी ओरडलो, तरी थांबलो नाही, आणि विहिरीच्या तळाचं ते गार पाणी, अख्खी बालटी, आत ओतलं. तेव्हा एक आवाज झाला. टिक्. बोट मोडताना होतो ना, तेवढाच. कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "थंड झाली."

पुढे ती पांढरा धूर ओकत शंभर पावलं गेली आणि बसली. मामाजींनी आपली बैलजोडी पाठवली. तुझ्या कुहीत मी लाल विलायती गाडीत बसून, बैलांच्या मागून, वाजतगाजत शिरलो. त्याच धापणाऱ्या बैलांच्या मागून. मामाजींनी पोचल्यावर त्यांना पाणी दाखवलं नाही, आधी सावलीत बांधलं. कुसुमनं तेही मला नजरेनं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तू आलास. आणि हे मी लिहितो, कारण न लिहिणं लबाडी होईल: तू आधी गाडीकडे गेला नाहीस. आधी माझं मनगट धरलंस, कोरफड आणवलीस, स्वतः गर काढून लावलास. तुझे ते ग्रीसचे हात इतके हलके असतील असं मला वाटलं नव्हतं.

"कशानं भाजलं?" तू विचारलंस.

"चहा सांडला," मी म्हणालो.

आतून सासूबाई म्हणाल्या, "जावई तं चहा घेतच नाहीत वो."

मनगटाला फडकं बांधलंस, गाठ जरा आवळून मारलीस. तुला तेव्हाच कळलं होतं. पुढची सगळी तपासणी तू माझी केलीस, गाडीची नाही.

तू तेलाची कांडी ओढून काढलीस. तिच्यावरचं काळं तेल दुधाळ झालं होतं, टपरीवरच्या चहासारखं. तू ती माझ्या नाकासमोर धरलीस. "हा पाहा, चहा." गाडी सुरू करून रेडिएटरमध्ये पाहिलंस, तर आतून बुडबुडे येत होते. "पाणी तेलात चाललं, अन् जाळ पाण्यात." तुझी आशा अजून गॅस्केटवर होती. दोन लोखंडांच्या मध्ये असतं ते पातळ अस्तर गेलं असेल तर नवं टाकता येतं. गाडी ट्रकवर घालून महालात आणली, तू हेड उतरवलंस. गॅस्केट ठणठणीत होतं, म्हणजे दुखणं लोखंडातच होतं.

मग ती सकाळ. हेड म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं बिडाचं, ओतीव लोखंडाचं, जड झाकण, त्याच्या पोटातून पाणी खेळतं. ते तू सोड्यात उकळून लख्ख केलंस आणि बाकावर उताणं ठेवलंस. गाडीचे मालक म्हणून सेठ आले होते. मामाजी होते. कुसुम होती, कारण मीच तिला आणलं होतं, आधाराला. तू ब्रशनं त्याच्यावर घासलेट लावलंस, थोडा वेळ मुरू दिलंस, कोरडं पुसलंस. मग शाळेतला खडू वाटून त्याची पूड वर पसरलीस. सगळं पांढरं झालं. "आता थांबा," म्हणालास.

आम्ही थांबलो. माझ्या आयुष्यातला तो एकच अर्धा तास जेव्हा मी सांगितल्याप्रमाणे थांबलो.

पांढऱ्या पुडीतून एक काळसर रेघ वर आली. तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून निघाली, जराशी वळली आणि पाण्याच्या भोकापाशी थांबली. केसाएवढी. भेगेत मुरलेलं घासलेट खडूनं ओढून काढलं होतं.

"ये कैसा हुआ रे वसंता?" सेठनी विचारलं.

तू माझ्याकडे वळलास. आवाज अगदी साधा होता. "जावईबापू, गाडी तापली तवा पाणी कसं टाकलं?"

आणि मी, वसंता, सगळ्यांच्या देखत, कुसुमच्या देखत, म्हणालो, "थंड होऊ देऊनच टाकलं."

तू अजून विचारणार होतास. पण मामाजी खाकरले. "वसंता, जावयाची उलटतपासणी करून राहिला काय गा?"

तू खडूनं भरलेले हात पाहिलेस. मग सेठना म्हणालास, "माझ्याच हातून बोल्ट जास्त आवळले गेले असतील, सेठजी. नवं इंजिन होतं."

मी तेव्हा 'नाही' म्हणू शकलो असतो. कुसुम माझ्याकडे बघत होती. मी खडूच्या रेघेकडे बघत होतो. छान बारीक होती.

नवं हेड हिंदुस्थानात मिळणार नव्हतं. म्हणून तू ते जोडलंस. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडलीस, ती पुढे धावू नये म्हणून. मधली भेग कोरून रुंद केलीस. अख्खं हेड लोहाराच्या भट्टीत हळूहळू तापवलंस, तापलेलं असतानाच भेगेत बिडाची कांडी वितळवून झाळलंस. आता ते तितक्याच हळू निवायला हवं होतं, नाहीतर पुन्हा तडकणार. त्यासाठी राख हवी होती, पुष्कळ, कोरडी, मैद्यासारखी. कोराडीत दुसरं काय पिकतं? मी दोन पोती राख भरून शहराच्या बसमध्ये चढलो. उतरलो तेव्हा कंडक्टरसकट अर्धी बस माझ्यासारखीच पांढरी दिसत होती. त्या कामात माझा तेवढाच हातभार. मला वाटलं, फिटलं.

दुसऱ्या दिवशी विचारायला आलो, "काढायचं का?"

"आज नाही, उद्या बी नाही," तू म्हणालास. "घाई केली का तडकते. तुम्हाले तं माहीतच आहे." आणि आत आवाज दिलास, "अवं, जावईबापूले पाणी दे. कोमट."

ती पहिली वेळ.

राखेतून काढल्यावर जोड घासून पातळी धरलीस, भोकं बंद करून आत हवा भरलीस, कोमट पाण्याच्या टाकीत अख्खं बुडवलंस. एक बुडबुडा आला नाही. ती गाडी पुढे वर्षानुवर्षं धावली आणि तो जोड उघडला नाही. पण सेठ जिथे जातील तिथे सांगायचे, वसंता का हाथ भारी है, हेड फोड डाला था. कोराडीच्या ट्रकवाल्यांत ते पसरायला किती वेळ लागतो? तुझ्या गल्लीत इंजिनांच्या हातगाड्या यायच्या बंद झाल्या. तू स्कूटरी आणि सायकल-रिक्षांच्या चेनी दुरुस्त करायला लागलास. विलायती इंजिन ऐकणारा कान, आणि चेनी!

आणि मी? मी कोराडीतच होतो. कॅन्टीनमध्ये लोक ती गोष्ट सांगायचे. मी ऐकायचो. एकदा तर मानही हलवली.

हे सगळं कबूल. पण तू तरी सरळ होतास का? पाचव्या दिवाळीत भाऊबिजेला कुसुम तुला ओवाळत होती आणि तू ताटातल्या दिव्याकडे बोट दाखवून म्हणालास, "जावईबापूले दूर बसवा, ऊन लागलं का मग थंडं पाणी मागतात." माझा तोल गेला. मी पाटावरून उठलो. "एकदाचं सांगून टाका ना सगळ्यांना! कशाला छळता?"

तू सुपारी कातरत राहिलास. "मी काय सांगू, जावईबापू? तोंड तं तुमच्यापाशी आहे."

पुढे चार वर्षं मी तुझ्याकडे आलो नाही. कुसुमलाही पाठवलं नाही. ती एकदाही 'काहून' म्हणाली नाही. भाऊबिजेला चंद्राला ओवाळायची, ज्याला भाऊ नसतो तशी. मी आत बसून वर्तमानपत्र वाचायचो. दोन पुरुषांनी आपापली मान ताठ ठेवली आणि वाकली ती. याचा राग मी तुझ्यावर काढला. माझ्यावर काढायला जागा उरली नव्हती.

गेल्या महिन्यात तू आजारी असल्याचं कळलं आणि आम्ही आलो. खाटेवर तू अर्धा उरला होतास. डॉक्टरनं गार पाणी बंद केलं होतं. वहिनी आणि कुसुम आत होत्या. तू माठाकडे बोट दाखवलंस. "जावईबापू, थंडं द्या ना घोटभर."

मी उठलो, आत गेलो, पाणी कोमट केलं, आणून तुझ्या ओठाला लावलं.

तू घोट घेतलास. डोळे उघडलेस. "साल्या," म्हणालास. नात्यानं तो शब्द मी तुला म्हणायचा. मग आपण दोघं हसलो, तुला खोकला येईपर्यंत. त्या खोकल्यात मी म्हणालो, "वसंतराव, त्या दिवशी विहिरीवर मी..."

तू हात वर केलास. "मले काय सांगता? मी तं पहिल्या दिवसापासून मनगट पाहून राहिलो. सेठले सांगा."

आता सांगतो काल काय झालं. तुझी तेरवी होती. पंगत बसली होती. सेठ आले होते, म्हातारे झाले आहेत, पण आवाज तोच. तुझ्या फोटोला हात जोडले आणि शेजारच्यांना म्हणाले, "आदमी हीरा था. बस हाथ भारी था. मेरी गाडी का हेड फोड दिया था."

माझ्या हातात पुरीचा घास होता. मी तो पत्रावळीवर ठेवला आणि उभा राहिलो. जेवणातून उठणं अशुभ, हे बसल्या बसल्या चौघांनी सांगितलं. मी म्हणालो, "सेठजी, हेड वसंतानं नाही फोडलं. मी फोडलं. तापलेल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी मी ओतलं, आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो. बोल्ट बरोबर होते."

नऊ वर्षांनी का होईना, मी मोकळा झालो असं मला वाटलं, अगदी क्षणभर.

मग सेठ उठले. माझ्याजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि पंगतीकडे वळून म्हणाले, "देखो, इसे कहते हैं जमाई. मरे हुए साले का दोष अपने सर ले रहा है!"

आणि वसंता, लोकांनी माना डोलावल्या. कुहीच्या त्या ज्येष्ठमधवाल्या मावशी डोळे पुसायला लागल्या. "असा जावई नशिबानं भेटते." मी ओरडलो, "अहो, खरंच मी!" तर वहिनीच्या भावानं मला खांदा धरून खाली बसवलं. "बसा, जावईबापू. आम्हाले समजते. दुःख झालं तुम्हाले." माझ्या पत्रावळीवर दोन पुऱ्या जास्त पडल्या. तुझ्याशी केलेली बेइमानी मला जन्मभर खाली मान घालायला लावत होती, आणि खरं बोललो तर तुझ्याच तेरवीत माझा सत्कार झाला. तुला हे आधीच ठाऊक होतं ना? म्हणून म्हणालास, सेठले सांगा. मेल्यावरही तू बोल्ट आवळलेसच.

म्हणून हे लिहून ठेवतो, माझ्या सहीनं. जेवणाच्या सुट्टीत कोराडीच्या कॅन्टीनमध्ये वाचून दाखवीन. तिथे मी कोणाचा जावई नाही. तिथले लोक विश्वास ठेवतील, आणि हसतील, आणि तुझ्या हाताबद्दल पुन्हा कोणी बोलणार नाही. तुझ्याशी माझं अजून जमलेलं नाही, हे मात्र लक्षात असू दे. भाऊबिजेच्या चार वर्षांतली दोन तुझी आहेत, दोन माझी. त्यावर आपण भांडायचं राहिलं.

हे लिहून झाल्यावर मी कुसुमला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ती कुरडया वाळत घालता घालता ऐकत होती. चंद्राच्या ओळीलाही तिचा हात थांबला नाही. संपल्यावर उठली, हात धुतले, माठातून पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. बाहेरून पेल्याला पाणी सुटलं होतं, इतकं गार.

"घ्या," ती म्हणाली. "पण हळूहळू प्या. आता तडकले तं जोडाले कोणी नाही."